घोड्यावरून पडल्यावर पुन्हा मांड कशी ठोकायची

हाड जुळलं, डॉक्टरांनी पट्टा सोडवला, घरचेही जरा निवांत झाले. तरीही पागेच्या फाटकाशी पोचलं की पोटात गोळा येतो, तळहात ओले होतात आणि तंग (खोगिराचा पोटाखालून जाणारा पट्टा) आवळताना बोटं थरथरतात. तुमचं असं होत असेल तर हे तुमच्यासाठी लिहिलं आहे. माझ्या डोळ्यासमोर मुख्यतः तिशी-चाळिशीनंतर हौसेने क्लबात घोडेस्वारी शिकायला लागलेले लोक आहेत. लहान मुलं पडतात आणि पुढच्या रविवारी विसरून जातात. आपल्याला मात्र नोकरी, कर्जाचे हप्ते, म्हातारे आईवडील असं सगळं एकदम आठवतं.

पडलेल्या माणसाला पहिला सल्ला ठरलेला असतो: "लगेच परत चढ, नाहीतर भीती बसेल." सावकाश चालीत घसरून वाळूत बसलात, कुठे लागलं नाही, तर ठीक आहे. जोरात पडला असाल तर हा सल्ला अजिबात ऐकू नका. एफईआय या जागतिक घोडेस्वारी महासंघाच्या स्पर्धांमध्ये उड्यांच्या किंवा क्रॉसकंट्रीच्या (मोकळ्या रानातल्या अडथळ्यांच्या) फेरीत स्वार पडला तर तो त्या फेरीतून बाद होतो आणि त्याची वैद्यकीय तपासणी होते. आयुष्यभर घोड्यावर बसणाऱ्यांना जो नियम लागतो, तो आठवड्यातून दोनदा बसणाऱ्यांना नको का?

मी कॅन्टरमध्ये, म्हणजे झेपांच्या चालीत, पडले. कुंपणाला बांधलेली निळी ताडपत्री वाऱ्याने फडकली, घोडा बुजून आडवा सरकला आणि मी खांद्यावर आपटले. गळपट्टीचं हाड मोडलं. आज मी परत नियमित रपेट करते. त्या सगळ्या काळात मला जे उमगलं ते एवढंच: हवं तेव्हा थांबता येईल आणि हवं तेव्हा उतरता येईल, ही खात्री म्हणजे घोड्यावरचा आत्मविश्वास. धाडस त्याच्या मागून येतं. पुढच्या सगळ्या पायऱ्या या खात्रीसाठीच आहेत.

१. पहिले दोन दिवस

मानेत किंवा पाठीत दुखत असेल, हातापायांना मुंग्या येत असतील तर उठू नका. कुणाला उठवू देऊ नका, हेल्मेटही काढू देऊ नका. १०८ वर फोन करायला सांगा.

डोक्याला मार लागला असेल तर शुद्ध हरपली नसली तरी मेंदूला धक्का बसलेला असू शकतो. वाढत जाणारी डोकेदुखी, पुन्हा पुन्हा उलटी, तेच तेच विचारणं, बोलण्यात अडखळणं, न आवरणारी झोप, एका डोळ्याची बाहुली मोठी दिसणं, कानानाकातून पाणी किंवा रक्त येणं, यातलं काहीही दिसलं तर थेट रुग्णालयात. त्या दिवशी परत घोड्यावर बसायचं नाही आणि गाडी चालवत घरीही जायचं नाही. पहिले चोवीस तास कुणीतरी सोबत हवं. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर बरं वाटत असलं तरी तपासून घ्याच, आणि डॉक्टरांना ती गोळी आपणहून सांगा.

साधं खरचटलं असेल तर लोक हळद लावून मोकळे होतात. पागेतल्या मातीत आणि लिदीत धनुर्वाताचे जंतू असतात. शेवटचं इंजेक्शन कधी घेतलं ते आठवत नसेल तर त्याच दिवशी घ्या.

आणि पडताना डोक्यावर असलेलं हेल्मेट बाद करा. आतला फोम एकदाच दबतो आणि धक्का पोटात घेतो. बाहेरून तडा दिसत नाही, पण दुसऱ्या वेळी ते तुम्हाला वाचवणार नाही. पट्टा कापून टाका, म्हणजे कुणी नकळत घालणार नाही.

२. कागदपत्रं

हे काम कंटाळवाणं आहे, पण पहिल्या आठवड्यातच उरका. एका फायलीत ठेवा:

- डिस्चार्ज समरी, सगळी मूळ बिलं, औषधांच्या पावत्या
- एक्स-रे किंवा सीटी स्कॅन आणि त्याचा अहवाल
- रुग्णालयाने अपघात म्हणून एमएलसी (मेडिको-लीगल केस) नोंदवली असेल तर तिची प्रत
- क्लबमधल्या अपघात नोंदीची प्रत आणि प्रवेशाच्या वेळी सही केलेला जबाबदारीचा फॉर्म
- नोकरी असेल तर रजेसाठी वैद्यकीय दाखला आणि नंतर फिटनेस सर्टिफिकेट

विम्याबद्दल एक गैरसमज फार पसरला आहे. "घोड्यावरून पडलं की क्लेम मिळत नाही" असं ऐकून लोक अर्जच करत नाहीत. आरोग्य विम्यातल्या साहसी खेळांच्या ठरावीक वगळणुकीत हॉर्स रेसिंगचं नाव आहे, पण ती वगळणूक व्यावसायिक म्हणून भाग घेणाऱ्यांसाठी आहे. तुम्ही हौशी शिकाऊ असाल तर अर्जात तसं स्पष्ट लिहा. वैयक्तिक अपघात विम्याच्या अटी वेगळ्या असू शकतात, त्या शब्दन् शब्द वाचा. आणि खरं तेच लिहा. "जिन्यावरून पडलो" असं लिहायला सुचवणारे लोक भेटतात. डॉक्टरांच्या नोंदीत घोडा आहे आणि तुमच्या अर्जात जिना, मग क्लेम अडकतोच.

३. डॉक्टरांना नेमकं विचारा

"घोड्यावर बसू का?" या प्रश्नाला "दोन-तीन महिन्यांनी बघू" असंच उत्तर मिळतं, कारण बहुतेक डॉक्टरांच्या मनात माथेरानची फेरी असते. प्रश्न असा विचारा: "मी पुन्हा त्याच बाजूवर पडले तर हे हाड टिकेल का?" प्रौढ माणसाचं गळपट्टीचं हाड जुळायला साधारण ६ ते १२ आठवडे लागतात, पण दुखायचं थांबणं वेगळं आणि एक्स-रेमध्ये पूर्ण जुळलेलं दिसणं वेगळं.

मेंदूला धक्का बसला असेल तर परतीचा रस्ता पायऱ्यापायऱ्यांचा असतो. आधी घरातली हालचाल, मग चालणं, मग हलका व्यायाम, आणि प्रत्येक पायरीनंतर किमान चोवीस तास थांबून लक्षणं परत येतात का ते बघायचं. घोडा सगळ्यात शेवटी, डॉक्टरांच्या होकारानंतरच, कारण तिथे पुन्हा डोक्यावर पडण्याची शक्यता असते.

फिजिओथेरपिस्टला काम सांगा: मांडीच्या आतल्या बाजूचे स्नायू, पोट-कंबर, एका पायावरचा तोल आणि खोगीर उचलण्याइतकी हातातली ताकद. हे व्यायाम मला मानसिक तयारीइतकेच उपयोगी पडले. पाय डळमळत असले की मन डळमळतंच.

४. का पडलो ते शोधा

लोक हीच पायरी गाळतात, आणि माझ्या मते हीच सगळ्यात महत्त्वाची आहे. "घोडं आहे, होतं असं कधी" म्हणून विषय मिटवला की मनात उरतं ते एवढंच, की हे कधीही पुन्हा होऊ शकतं. कारण सापडलं की त्यावर काहीतरी करता येतं. शिक्षक आणि सईस (घोड्याची देखभाल करणारा) दोघांशी बोला. कुणावर ठपका ठेवायचा नाही हे आधीच सांगा, म्हणजे माणसं मोकळी होतात. सईसाला बहुतेकदा जास्त माहीत असतं.

घोडा बुजला असेल तर कशाला? त्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात, त्यामुळे त्याला जवळजवळ सगळीकडचं दिसतं. फक्त कपाळाच्या अगदी पुढे आणि शेपटीच्या थेट मागे दिसत नाही. मागून अचानक आलेली गोष्ट त्याच्या लेखी शिकारी जनावर असते. पळणं हाच त्याचा बचाव. तो तुमच्यावर डूख धरून नव्हता, हे समजून घेतल्यावर मला त्याच्या जवळ जाणं पुष्कळ सोपं गेलं.

तो चार दिवस पावसामुळे तबेल्यात उभा होता का? खुराक तेवढाच आणि मेहनत बंद, तर असा घोडा पहिल्या दिवशी उसळणारच. रिकीब (पाय ठेवायची कडी) किंवा तिची वादी (चामडी पट्टा) तुटली का? खोगीर एका बाजूला फिरलं का? तंग आवळताना कित्येक घोडे पोट फुगवतात. पाच मिनिटं चालवल्यावर तो पुन्हा तपासायचा असतो, तसा तपासला होता का? घोडा वारंवार दुगाण्या झाडत असेल तर पाठ, दात आणि खोगिराचं बसणं पशुवैद्याकडून तपासून घ्यायला क्लबला सांगा. ते सांगण्याचा तुम्हाला हक्क आहे.

आणि तुमच्या बाजूचं. घाबरल्यावर माणूस पुढे झुकतो, गुडघे वर घेतो, टाचा घोड्याच्या पोटात रुततात आणि लगाम ताणून धरतो. टाच म्हणजे "पळ" आणि लगाम म्हणजे "थांब", असे दोन हुकूम घोड्याला एकदम मिळतात. तो गोंधळून आणखी जोरात सुटतो. हा दोष नाही, शरीराची उपजत प्रतिक्रिया आहे. ती बदलायला सराव लागतो, नुसतं समजून भागत नाही.

५. सामान

- हेल्मेट घोडेस्वारीचंच हवं. एएसटीएम एफ११६३, पीएएस ०१५ किंवा व्हीजी१ यातलं मानक आत छापलेलं असतं. सायकलचं किंवा मोटारसायकलचं चालणार नाही. वापरलेलं विकत घेऊ नका.
- बॉडी प्रोटेक्टर: ईएन १३१५८, लेव्हल ३. हवेने फुगणारं जाकीट घेतलंत तर त्याची दोरी खोगिराला अडकवलेली असते. उतरण्याआधी ती सोडायची सवय पहिल्याच दिवशी लावा.
- बूट गुळगुळीत तळव्याचे, साधारण इंचभर टाचेचे. स्पोर्ट्स शूज रिकिबीत अडकतात किंवा आरपार जातात.
- रिकीब बुटाच्या रुंदीपेक्षा दोन-अडीच सेंटिमीटर रुंद. पडताना पाय सुटेल अशी सेफ्टी रिकीब मिळाली तर उत्तम.
- घोड्याच्या मानेभोवती एक पट्टा. जुनी रिकिबीची वादीही चालते. तोल गेला तर हात त्याला घालायचा, लगामाला नाही. एवढ्याशा पट्ट्याने भीती किती उतरते ते वापरूनच कळतं.

६. आधी जमिनीवर

चढायची घाई करू नका. सुरुवातीच्या काही भेटी फक्त खरारा करायला, म्हणजे ब्रशने घोड्याचं अंग घासायला, जा. पागेत सकाळी सात-साडेसातला, सईस लीद काढत असतात तेव्हा, वातावरण सगळ्यात शांत असतं. ब्रश मानेपासून सुरू करा, खांद्यावर या, आयाळीच्या मुळाशी जरा जोर लावा. आवडलं की घोड्याचा खालचा ओठ सैल पडून लोंबतो, पापण्या जड होतात, एक मागचा पाय तो टेकवल्यासारखा उभा करतो. हे बघायला शिका. त्याच्याच उलट, कान ताठ एकाच दिशेला रोखलेले, मान उंच, नाकपुड्या फुललेल्या, श्वास थांबलेला, हे बुजण्याच्या आधीचं चित्र आहे. खाली उभं राहून ते ओळखायला आलं की वर बसल्यावरही, फक्त कानांवरून, एक-दोन क्षण आधी कळतं. तेवढ्यात आपण सावध होतो.

मग मोरकी आणि दोरी लावून त्याला चालवा, थांबवा, दोन पावलं मागे घ्या, उजवी-डावीकडे वळवा. तुम्ही थांबलात की तो थांबतो, हे वीस वेळा झालं की शरीराला पटायला लागतं. ज्या कोपऱ्यात पडलात तिथेही त्याला हातात धरून नेऊन आणा. त्याला वास घेऊ द्या. तुम्हीही उभ्या राहा, किंवा उभे राहा, श्वास नीट होईपर्यंत.

७. घोडा आणि शिक्षक

पहिल्यांदा परत बसाल तो घोडा, ज्याने तुम्हाला पाडलं तोच नको. "त्याच्यावरच बस म्हणजे भीती मोडेल" हा हट्ट शिक्षकाचा असला तरी नाही म्हणा. क्लबात एखादा वयस्क, शंभर नवशिके पाठीवर घेऊन शांत झालेला घोडा असतोच. तो मागा, आणि गटाच्या बॅचऐवजी स्वतंत्र तास मागा. पैसे जास्त पडतात, पण थोडेच तास लागतात.

शिक्षकाला पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगा: "सर, मी पडले होते. आज मला फक्त चढायचंय, चालवायचंय आणि उतरायचंय. मी थांबा म्हटलं की थांबायचं." चांगला शिक्षक यावर मान हलवतो आणि काय झालं होतं ते विचारतो. "काही होत नाही हो, बसा तुम्ही" असं म्हणून मागून घोड्याला चाबूक दाखवणारा असेल, तर तुमच्यासाठी तो शिक्षक नाही, मग त्याचं नाव कितीही मोठं असो.

८. खोगिरात

क्रम हा:

*चढणं आणि उतरणं.* स्टुलावरून चढा. सईसाने तोंडाशी धरलेलं असू द्या. बसा, एक मोठा श्वास सोडा, उतरा. पुन्हा चढा. पहिला दिवस एवढाच असला तरी चालेल. दोन्ही रिकिबींतून पाय काढून, पुढे झुकून उडी मारून उतरणं, म्हणजे आपत्कालीन उतरणं, उभ्या घोड्यावर घोटवा आणि मग चालत्या घोड्यावर.

*धरलेल्या घोड्यावर वॉक, म्हणजे साधी चाल.* हात मोकळे. खांदे वर जातात का तेवढं बघा.

*लंज.* शिक्षक मध्यभागी उभा राहून लांब दोरीवर घोडा गोल फिरवतो. लगाम तुमच्या हातात नसतो, वेग त्याच्या ताब्यात असतो, त्यामुळे तुम्ही फक्त मांडीकडे लक्ष देऊ शकता. परत येणाऱ्यासाठी यापेक्षा चांगला धडा मला माहीत नाही. अनेक क्लब तो फक्त पहिल्या आठवड्यातल्या मुलांना देतात. मागून घ्या.

*थांबे.* आता लगाम हातात. दहा पावलं वॉक, थांब. दहा पावलं, थांब. आधी श्वास सोडायचा, कंबर जड करायची, मग बोटं मिटायची. ओढायचं नाही. घोडा श्वासावरच थांबायला लागेपर्यंत हे करा. एका लगामाने मान हळूच बाजूला वळवून थांबवणंही याच वेळी, वॉकमध्ये, शिकून घ्या. पळत्या घोड्याची मान एकदम वळवली तर त्याचा तोल जाऊ शकतो. वेगात असाल तर मोठं वर्तुळ घ्या आणि ते लहान करत आणा.

*ट्रॉट, आणि पुष्कळ नंतर कॅन्टर.* ट्रॉट, म्हणजे दुडकी चाल, आधी मैदानाच्या एका लांब बाजूपुरता, ठरलेल्या ठिकाणी थांबा. कॅन्टरही तसाच: चार-पाच झेपा, परत ट्रॉट, परत वॉक, कुरवाळा.

या सगळ्यात दोन गोष्टी मी सोडल्या नाहीत. एक, मोठ्याने पाढे म्हणणं. बोलताना श्वास कोंडता येत नाही, आणि श्वास कोंडला की मांडी आवळते, मांडी आवळली की घोडा ताठतो. तेराचा पाढा ट्रॉटच्या ठेक्यात बरोबर बसतो. दुसरं, भीतीला शून्य ते दहा आकडा देणं. तीन-चारपर्यंत काम चालू ठेवायचं, सहाच्या वर गेला की मागच्या पायरीवर यायचं, आणि तिथे दोनवर आल्यावरच तास संपवायचा. भीती टिपेला असताना उतरलं की शरीर एवढंच लक्षात ठेवतं की उतरल्यामुळे वाचलो, आणि पुढच्या वेळी चढणं आणखी अवघड होतं. तास अर्ध्या तासाचा ठेवा. मांड्या थकल्यावर पडण्याची शक्यता वाढते.

९. टाळायच्या गोष्टी

वेदनाशामक गोळी खाऊन बसू नका. दुखणं ही खूण आहे, ती झाकली तर कुठे थांबायचं ते कळत नाही.

सराव म्हणून माथेरान, महाबळेश्वर किंवा समुद्रकिनाऱ्यावरच्या फेरीच्या घोड्यावर बसू नका. त्यांच्या मालकांचं घोड्यांवर प्रेम असतं, पण तिथे बहुतेकदा हेल्मेट नसतं, रिकिबी सगळ्यांना एकाच मापाच्या असतात, रस्ता कठीण असतो आणि शेजारून दुसरा घोडा सुटला की तुमचाही सुटतो.

घरच्यांपासून लपवून जाऊ नका. आईला किंवा नवऱ्याला एकदा मैदानाच्या कडेला बसवा आणि तुम्ही किती सावकाश शिकता आहात ते दिसू द्या. आणि तुमच्या बॅचमधले उड्या मारायला लागले म्हणून कासावीस होऊ नका. त्यांचं हाड मोडलेलं नाही.

१०. महिना उलटूनही सुटत नसेल तर

पडण्याची स्वप्नं, दिवसा अचानक तेच दृश्य डोळ्यासमोर, टापांच्या आवाजाने दचकणं, झोप न लागणं हे महिनाभरानंतरही चालू असेल, तर पाढे आणि लंजने भागणार नाही. मानसोपचारतज्ज्ञाला भेटा. आघातानंतरच्या भीतीवर सीबीटी (विचार आणि वागणं बदलण्यावरचा) आणि ईएमडीआर (डोळ्यांच्या हालचालींचा वापर करणारा) असे परिणामकारक उपचार आहेत. टेलिमानस ही सरकारची मोफत सेवा १४४१६ वर चोवीस तास चालते आणि मराठीतही बोलता येतं.

घोड्यावर न बसता घोड्यांसोबत राहायचं ठरवलंत तरी ते पूर्ण आहे. खरारा, लंज, पिल्लांना हात लावून घेण्याची सवय लावणं, यात आयुष्यभर शिकण्यासारखं आहे.

११. कुंपणाबाहेरची रपेट

मैदानात तिन्ही चालींत थांबा पक्का झाल्यावरच. पहिली रपेट पूर्ण वॉकची, एक शांत घोडा पुढे आणि शिक्षक सोबत. दोन घोड्यांत किमान एका घोड्याएवढं अंतर ठेवा, नाहीतर पुढच्याची लाथ बसते. गटातल्या सगळ्यांशी आधीच ठरवून घ्या की कुणीही न सांगता वेग वाढवणार नाही. एक सुटला की बाकीचे त्याच्यामागे धावतातच. परत येताना पागा दिसायला लागली की घोडे आपोआप पाय उचलतात, तिथे मुद्दाम थांबवा आणि शेवटचा टप्पा चालतच या.

दिवस निवडताना वारा बघा. पावसाळ्यात चार दिवसांच्या झडीनंतरची पहिली सकाळ आणि डिसेंबर-जानेवारीतली कडाक्याची थंडी, या दोन वेळी शांत घोडाही अंगात आल्यासारखा नाचतो. अशा दिवशी आधी दहा-पंधरा मिनिटं लंज करून त्याचा जोर उतरवायला सांगा. वेळ नाही असं उत्तर आलं, तर त्या दिवशी खरारा करून घरी जा.